कॉकॅटूचं कोटेशन

पुण्याहून राष्ट्रीय महामार्ग ४८ धरला की सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर अशी गावं मागे टाकत रस्ता बंगळुरूत शिरतो, आणि शहरात पाऊल टाकताच पीण्या लागतं. डोक्यावर उड्डाणपूल, बाजूला २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोचे खांब, आणि दोन्ही हातांना आत आत जाणाऱ्या गल्ल्या. लेथ, मिलिंग, पत्र्याचं काम, प्लेटिंग, पावडर कोटिंग, स्प्रिंगा, डाय, फिक्स्चर. शेजारच्या जालहळ्ळीत एचएमटीचा कारखाना १९५३ पासून होता. पुढे १९७०च्या दशकात पीण्याची वसाहत उभी राहिली. ती आशियातल्या सगळ्यात मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक, असं सांगायची पद्धत आहे. आपल्या देशात आशियातल्या सगळ्यात मोठ्या वसाहती बऱ्याच आहेत, तेव्हा ते राहू दे.

अशा ठिकाणी कॉकॅटूचा भाव विचारणारे लोक असतात, हे ऐकायला जरा विचित्र वाटेल. पण त्यात नवल नाही. चार पैसे हातात आलेला माणूस मोठी गाडी घेतो, मोठा टीव्ही घेतो, आणि कधीतरी डोक्यावर पिवळा तुरा असलेला पांढराशुभ्र पक्षी घेतो. आपल्याकडची जुनी माणसं ज्याला काकाकुवा म्हणत, तो हा. पूर्वी तो संस्थानिकांच्या बागेत किंवा सर्कशीत दिसे. आता मोबाइलवर दिसतो: गाण्यावर नाचणारा, मालकाच्या गालाला गाल लावणारा, 'हॅलो' म्हणणारा. बघणारा लगेच विचारतो, केवढ्याला?

पीण्यात मात्र कुठल्याही वस्तूचा भाव असा एका शब्दात कुणी सांगत नाही. आधी ड्रॉइंग दाखवा, मटेरियल सांगा, नग किती हवेत ते सांगा, मग कोटेशन मिळेल. मटेरियल वेगळं, जॉबवर्क वेगळं, प्लेटिंग वेगळं, रिजेक्शन धरायचं, घसारा धरायचा. मला ही पद्धत शहाणपणाची वाटते. कॉकॅटूचं कोटेशनही असंच काढून पाहू.

आधी ड्रॉइंग. कॉकॅटू म्हणजे एक पक्षी नव्हे, ते एक कुळ आहे. त्यात सुमारे २१ जाती येतात. ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशियाची पूर्वेकडची बेटं, फिलिपाइन्स आणि सॉलोमन बेटं हा त्यांचा मुलूख. भारतात एकही जात रानात सापडत नाही. बाकीच्या पोपटांच्या पिसांमध्ये प्रकाश विखुरणारी जी सूक्ष्म रचना असते, ती यांच्यात नसते. म्हणून हिरवा किंवा निळा कॉकॅटू कधी दिसत नाही. पांढरा, काळा, राखाडी, गुलाबी आणि त्यावर पिवळ्या-लाल छटा, एवढाच त्यांचा रंगपट. अंगावर एक प्रकारची बारीक भुकटी सतत तयार होत असते, ती पिसांना लागते आणि घरातल्या फर्निचरलाही लागते. ज्यांच्या छातीला धूळ सोसत नाही त्यांनी इथेच कोटेशन बंद करावं. पक्ष्यांच्या पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीमुळे फुप्फुसाला सूज येण्याचा एक वेगळा आजारच वैद्यकात नोंदलेला आहे.

याच कुळातला सगळ्यात लहान सदस्य म्हणजे कॉकॅटेल. तो आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक पक्ष्यांच्या दुकानात असतो आणि काही हजारांत येतो. वजन नव्वद-शंभर ग्रॅम. मोठ्या कॉकॅटूंची गोष्ट वेगळी. पांढरा 'अंब्रेला' अर्ध्या किलोच्या पुढे, सेरामचा गुलाबीसर मोलुक्कन त्याहून बराच मोठा, तानिंबार बेटांवरचा गॉफिन जेमतेम तीनशे ग्रॅमचा. यांचे भाव लाखाच्या घरात सुरू होतात आणि जात, वय, रंग, माणसाळलेपणा यांप्रमाणे वर चढत जातात. दुकानागणिक, महिन्यागणिक ते बदलतात, म्हणून इथे छापील दरपत्रक देण्यात अर्थ नाही. एकाच कुळातल्या दोन पक्ष्यांच्या भावात तीस-चाळीस पटींची तफावत का, हा प्रश्न मात्र नीट पाहण्यासारखा आहे.

उत्तर उत्पादनात आहे. कॉकॅटेल वर्षभरात वयात येतो, एका वेळी चार ते सहा-सात अंडी घालतो, वर्षातून दोन-तीनदा सहज. छोट्या पिंजऱ्यात, छोट्या जागेत. मोठा कॉकॅटू वयात यायलाच चार-पाच वर्षं घेतो, अंडी बहुधा दोन, आणि त्यातलं एखादंच पिल्लू जगतं. ते बाहेर पडायला अडीच-तीन महिने घेतं. नर-मादी दिसायला जवळजवळ सारखे असतात, त्यामुळे जोडी लावायची तर पिसाचा किंवा रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून डीएनए करावं लागतं. आणि एवढं सगळं जमून आल्यावर एक दिवस नर मादीला मारून टाकतो. पिंजऱ्यातल्या पांढऱ्या कॉकॅटूंमध्ये हा प्रकार इतका नेहमीचा आहे, की अनुभवी पैदासकार विणीच्या काळात नराचे पंख कापतात किंवा घरट्याच्या पेटीला मादीसाठी दुसरं दार ठेवतात. पिल्लू 'हँडफीड' हवं, म्हणजे माणसाच्या हातून खाऊन वाढलेलं, असा गिऱ्हाइकाचा आग्रह असतो. मग दर काही तासांनी, रात्रीसुद्धा, कोमट लापशी भरवत बसायचं. हे सगळं जॉबवर्क भावात येतं. वर चोच आणि पिसं झडवणारा विषाणूजन्य आजार घरात शिरला तर अख्खी तुकडी बाद. रिजेक्शनचा दर एवढा असेल तर कुठलाही कारखानदार भाव चढाच लावील.

रास्त भाव का चढतो हे कळलं, की स्वस्त भाव कुठून येतो तेही कळतं. पैदास टाळली की माल स्वस्त पडतो.

ऑस्ट्रेलियाने १९६०च्या सुमाराला आपल्या रानपक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली. त्यानंतर जगाच्या बाजारातला मोठा ओघ इंडोनेशियातून आला, आणि त्याने बेटंच्या बेटं रिकामी केली. पिवळ्या तुऱ्याचा लहान कॉकॅटू आज अत्यंत संकटग्रस्त गणला जातो; रानात उरलेत ते एक-दोन हजारांच्या आसपास. त्यातला सुमारे दहावा भाग हाँगकाँगच्या बागांमध्ये राहतो. पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांची ती वंशावळ. पकडून नेलेल्यांची नातवंडं शहरात सुखाने, आणि मूळ गावी झाडं ओस, असा हा उलटा हिशेब. २०१५ साली सुराबाया बंदरात पोलिसांनी एका प्रवाशाकडून वीसहून अधिक पिवळ्या तुऱ्याचे कॉकॅटू पकडले. प्रत्येक पक्षी प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत कोंबलेला होता. ती छायाचित्रं जगभर छापून आली. अशा वाटेने निघालेल्यांपैकी बरेच वाटेतच मरतात, आणि त्यांचा खर्च जगलेल्यांच्या भावात चढतो. तरीही तो पैदास केलेल्या पक्ष्यापेक्षा कमी भरतो.

बंगळुरू या व्यवहाराच्या नकाशावर आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंपेगौडा विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या बॅगांमधून सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अजगर, सरडे, कासवं, मगरीची पिल्लं अशी २३४ जनावरं काढली. त्यात कांगारूचं एक पिल्लू मेलेलं होतं. दुसरी वाट ईशान्येकडून येते. जुलै २०२० मध्ये आसामच्या कछार जिल्ह्यात, मिझोरमच्या हद्दीजवळ, एका ट्रकमध्ये कांगारू, माकडं, कासवं आणि सहा निळे मकाव सापडले होते. या वाटांनी देशात आलेला पक्षी पुढे कुठल्या शहरात, कुठल्या गल्लीत, 'लोकल ब्रीड' म्हणून उभा राहतो हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. दिसतो तो फक्त भाव, आणि तो आकर्षक असतो.

म्हणून कोटेशनमध्ये कागदाची ओळ येते. इथे लोकांचा गोंधळ फार आहे, तेव्हा जरा सावकाश जाऊ.

आपल्या पिंपळावरचा राघू पाळणं गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट-राघूंना संरक्षण आहे. ज्योतिषाच्या पिंजऱ्यातला असो की आजीच्या ओसरीवरचा. परदेशी पक्ष्यांना मात्र हा कायदा बरीच वर्षं लागूच नव्हता. विमानतळावर पकडला तर सीमाशुल्काचा कायदा, एकदा घरात आला की कुणी विचारणारं नाही. दुकानदार छातीठोकपणे सांगत, 'एक्झॉटिक आहे, चालतं.' तेव्हा ते बऱ्याच अंशी खरंही होतं.

जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक योजना आणली. तुमच्याकडे परदेशी जिवंत प्राणी असेल तर सहा महिन्यांत 'परिवेश' संकेतस्थळावर स्वतःहून जाहीर करा, कागदपत्रं मागणार नाही. मुदत पुढे वाढली, आणि तीस हजारांहून अधिक लोकांनी नोंदी केल्या. या देशात किती दिवाणखान्यांत काय काय बसलेलं आहे याचा सरकारला पहिल्यांदाच अंदाज आला असावा. मग २०२२ साली कायद्यातच दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्या आता आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. भारत त्या करारात १९७६ पासून आहे. घरातल्या कायद्यात तो उतरायला सेहेचाळीस वर्षं लागली.

या याद्यांत जवळजवळ सगळे पोपट आणि कॉकॅटू आहेत. गॉफिन, मोलुक्कन, पिवळ्या तुऱ्याचा लहान कॉकॅटू, फिलिपाइन्सचा कॉकॅटू आणि काळा पाम कॉकॅटू हे पहिल्या, सगळ्यात कडक यादीत. बाकीचे दुसऱ्या यादीत. वगळलेत ते मोजकेच, त्यात बजरीगर आणि कॉकॅटेल. म्हणजे तीन हजारांच्या कॉकॅटेलला नोंदणीची ही झंझट नाही, लाखाच्या कॉकॅटूला आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी निघालेल्या नियमांनुसार असा प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे 'परिवेश'मार्फत नोंदणी करायची, आणि पिल्लं झाली, पक्षी मेला, दुसऱ्याला दिला, तर तेही कळवायचं. पहिल्या यादीतल्या जातींची पैदास करायची तर वेगळा परवाना. पायातल्या कडीवरची किंवा मायक्रोचिपची ओळखखूण खोडणं, काढणं, बदलणं हा गुन्हा. परदेशातून आणायचा तर विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि निर्यातदार देशाचं साइट्स प्रमाणपत्र.

याशिवाय २०१८चे पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम आहेत. दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. औद्योगिक वसाहतीत शेडच्या मागच्या खोलीत, किंवा 'फोटो पाठवतो, आधी अर्धे पैसे टाका' अशा बोलीवर पक्षी विकणाऱ्याकडे ती असण्याची शक्यता किती, हे पीण्यात धंदा करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. जीएसटी क्रमांकाशिवाय माल उचलायचा नाही हे तो आपल्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतो. मात्र पक्ष्याच्या बाबतीत हाच माणूस बिल मागत नाही. भारतीय मध्यमवर्गाला हौसेच्या वस्तूचं बिल मागायला संकोच का वाटतो, हे मला अजून कळलेलं नाही. आणि आगाऊ पैसे घेऊन गायब होणारे, 'पक्षी फुकट, फक्त विमानाचं भाडं द्या' म्हणणारे भामटे तर जगभर आहेत. कॉकॅटू हा त्यांचा आवडता माल, कारण महाग आहे आणि बाजारात सहज बघायला मिळत नाही.

कागद झाले. आता पिंजरा, आणि इथे पीण्या आपल्या मदतीला येतं.

कॉकॅटूची चोच ही त्या पक्ष्याची हत्यारपेटी आहे. रानात तो तिने कठीण कवचाची फळं फोडतो, खोडं पोखरतो. घरी तो तीच चोच सोफ्याला, दाराच्या चौकटीला आणि पिंजऱ्याला लावतो. बाजारातला बजरीगरचा पिंजरा त्याच्यासाठी काहीच नाही. तार वाकते, वेल्डिंगचे टाके सुटतात. त्याला जाड सळई हवी, सळयांमधलं अंतर डोकं अडकणार नाही एवढं कमी हवं, आणि आत पंख पूर्ण पसरता यावेत एवढी जागा हवी. फॅब्रिकेशनवाल्याकडे जाऊन तुम्ही हे सांगितलंत की तो पहिला प्रश्न विचारील: फिनिश काय?

हा प्रश्न जिवावरचा आहे. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ म्हणून तो गॅल्व्हनाइझ्ड, म्हणजे जस्त चढवलेली जाळी सुचवील. शेतीला, कुंपणाला ती उत्तम. पण पोपटवर्गीय पक्षी पिंजऱ्यावर चोचीने चढतात, जाळी चावतात, जस्ताचे सैल थेंब आणि पापुद्रे उकरून गिळतात. त्यातून जस्ताची विषबाधा होते. पक्षी गळतो, उलट्या करतो, हिरवट पातळ विष्ठा टाकतो, कधी झटके येतात. नव्या जाळीच्या पिंजऱ्यात हा प्रकार इतका दिसतो, की पक्षीवैद्यकात त्याला 'नव्या तारेचा रोग' असंच नाव पडलं आहे. पावडर कोटिंग बरं, पण नीट भाजलेलं हवं, आणि कॉकॅटूच्या चोचीपुढे तेही सोलून निघतं. शिसं मिसळलेल्या रंगाचं तर नावच नको. सरळ ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्यावं. महाग पडतं, वेल्डरही जास्त पैसे मागतो, पण या पक्ष्याच्या आयुष्यात ते एक-दोनदाच घ्यावं लागतं.

दुसरा प्रश्न कडीचा. व्हिएन्नातल्या अॅलिस आउअरस्पर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली गॉफिन कॉकॅटूंवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पारदर्शक दारामागे एक काजू, आणि दारावर एकात एक गुंतलेली पाच कुलपं: आधी पिन काढायची, मग स्क्रू फिरवून काढायचा, मग बोल्ट ओढायचा, मग चाक फिरवायचं, मग खिट्टी सरकवायची. आधीचं उघडल्याशिवाय पुढचं उघडत नाही. एका पक्ष्याने कुणी काही न शिकवता दोन तासांच्या आत ते सगळं सोडवलं. पुढे संशोधकांनी कुलपांचा क्रम बदलला, काही काढून टाकली, तरी जे कुलूप मध्ये आडवं येत नाही ते सोडून पक्षी नेमक्या कुलपाकडे जात. त्याच प्रयोगशाळेतल्या फिगारो नावाच्या नराने २०१२ मध्ये लाकडाची चिरफळी काढून तिने पिंजऱ्याबाहेरचा दाणा आत ओढला होता. आणि सिडनीच्या उपनगरांत रानटी कॉकॅटू कचऱ्याच्या डब्यांची झाकणं उघडायला एकमेकांकडून शिकतात, हे २०२१ साली 'सायन्स' नियतकालिकात आलं. २०१८ पूर्वी तीन उपनगरांत दिसणारी ही विद्या २०१९ अखेर ४४ उपनगरांत पसरली. तेव्हा पिंजऱ्याला नट-बोल्ट लावणार असाल तर लॉकनट लावा, आणि तोही बाहेरून.

तिसरी गोष्ट लाकूड. कॉकॅटूला रोज काहीतरी तोडायला लागतं. ते त्याचं खेळणं नव्हे, काम आहे. वसाहतीत पॅलेट आणि खोक्यांचं लाकूड फुकट मिळतं, म्हणून ते वापरायचा मोह होतो. निर्यातीच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. त्यात 'एचटी' असेल तर लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेलं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. दुसरं पक्ष्याला द्यायचं नाही. तेल, ग्रीस, कूलंट सांडलेलं तर दोन्ही नाही. आंबा, पेरू, कडुनिंबाच्या धुतलेल्या फांद्या बऱ्या.

चौथी गोष्ट हवा, आणि खरं तर ही आधी यायला हवी होती. पक्ष्याचं श्वसन आपल्यासारखं आत-बाहेर नसतं. हवेच्या पिशव्यांमुळे फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते, म्हणून तो आपल्यापेक्षा जास्त प्राणवायू काढून घेतो आणि तितकंच जास्त विषही. नॉनस्टिक भांडं गॅसवर विसरून फार तापलं तर त्यावरच्या थरातून निघणारा वायू माणसाला जेमतेम खोकला आणतो, पक्षी काही मिनिटांत मरतो. कॉकॅटू घरात असेल तर नॉनस्टिक तवा स्वयंपाकघरातून जाणार. त्याऐवजी बिडाचा तवा येणार, ही कोटेशनमधली बहुधा एकमेव आनंदाची ओळ. कोटिंग, प्लेटिंग, स्प्रे पेंटिंगच्या गाळ्याशेजारच्या खोलीत हा पक्षी ठेवणं म्हणजे त्याला मारण्याचा सावकाश मार्ग. पीण्याच्या भूजलात प्लेटिंगमुळे क्रोमियम उतरल्याचं अनेक अभ्यासांत आलेलं आहे. तिथल्या बोअरवेलचं पाणी माणसं पीत नाहीत, पक्ष्यालाही देऊ नये.

आता आवाज. कॉकॅटू पहाटे आणि तिन्हीसांजेला ओरडतो. मैलभर पसरलेल्या थव्याला 'मी इथे आहे' सांगायची ती त्याची रीत. घरात थवा नसतो, पण पहाट होते. मोठ्या जातींचा आवाज जवळून शंभर डेसिबल सहज ओलांडतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, औद्योगिक भागाला ७५ आणि ७०. दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट होते. म्हणजे शंभर डेसिबलची एक आरोळी औद्योगिक वसाहतीच्या रात्रीच्या मर्यादेपेक्षा हजारपट तीव्र भरली. नियम सरासरी आवाजाचा आहे, एका आरोळीचा नाही, त्यामुळे कायद्याने कॉकॅटू सुटेल. शेजारी सोडणार नाहीत. गंमत अशी, की या पक्ष्याला आवाजाच्या दृष्टीने परवडणारी जागा औद्योगिक वसाहतच, आणि हवेच्या दृष्टीने न परवडणारी जागाही तीच.

एवढं सगळं पैशाने भागतं. यापुढची ओळ तासांची आहे. कॉकॅटू रानात एकटा राहत नाही. जोडी आयुष्यभराची, थवा दिवसभराचा. घरात आणलेला पक्षी घरातल्या एका माणसाला जोडीदार मानतो आणि बाकीच्यांना चावतो. तो माणूस आठ तासांची शिफ्ट आणि दोन तासांचा ओव्हरटाइम करून, बनशंकरी किंवा यशवंतपूरहून ये-जा करून घरी परतेपर्यंत पक्षी पार अस्वस्थ झालेला असतो. रात्रपाळी असेल तर आणखी वाईट. त्याला दहा-बारा तास अंधार आणि झोप लागते. एकटेपणात कॉकॅटू आधी ओरडतो, मग स्वतःची पिसं उपटतो, मग छातीचं कातडं चावून जखमा करतो. पाळीव पोपटांत हा विकार सगळ्यात जास्त दिसतो तो ज्या जातींत, त्यांत पांढरे कॉकॅटू आणि आफ्रिकेचा राखाडी पोपट येतात. एकदा उपटलेली पिसं कधी कधी परत येतच नाहीत. दीड लाखाचा तुरेवाला पक्षी वर्षभरात सोललेल्या कोंबडीसारखा दिसू लागतो, आणि मालक पुन्हा मोबाइलवर जाहिरात टाकतो: 'अर्जंट सेल.'

मोबाइलवर नाचणाऱ्या ज्या कॉकॅटूमुळे जगाला वेड लागलं त्या स्नोबॉलची गोष्टही अशीच. २००७ साली त्याच्या मालकाने, घरात सांभाळणं जमेना म्हणून, त्याला अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पक्ष्यांच्या एका आश्रयगृहात आणून दिलं. तिथे तो बॅकस्ट्रीट बॉइजच्या गाण्यावर नाचताना दिसला. मग अनिरुद्ध पटेल या शास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. ठेक्याचा वेग बदलला तर हा पक्षी आपली हालचाल बदलतो, हे २००९ मध्ये सिद्ध केलं. पुढे २०१९ मध्ये त्याच्या नाचातल्या १४ वेगवेगळ्या हालचाली मोजल्या गेल्या. तो माणसांच्या संगतीत नाचतो, हे त्या निबंधातलं महत्त्वाचं निरीक्षण होतं. लोकांनी मात्र फक्त नाच पाहिला आणि दुकानात भाव विचारायला गेले.

आता बेरीज. आकडे समजुतीसाठी धरले आहेत, तुमच्या शहराप्रमाणे बदला. पक्षी सव्वा लाखाचा. स्टेनलेसचा पिंजरा चाळीस हजार, आयुष्यात दोनदा धरू, ऐंशी हजार. पेलेट, भाज्या, फळं, बिया, तोडायचं लाकूड मिळून महिना साडेतीन हजार, म्हणजे वर्षाला ४२ हजार. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवला तर खर्च निम्मा होईल, आणि यकृत चरबीने भरून पक्षीही निम्म्या वयात जाईल. पक्ष्यांचं खरंच कळणारा पशुवैद्य बंगळुरूत मिळतो, तुमकुरात मिळेलच असं नाही. तपासण्या, प्रवास, आजार मिळून वर्षाला दहा हजार. आयुष्य चाळीस वर्षं धरू. खाण्याचे १६ लाख ८० हजार, वैद्यकाचे ४ लाख, पक्षी आणि पिंजरे २ लाख ५ हजार. एकूण २२ लाख ८५ हजार, महागाई न धरता. पक्ष्याची किंमत त्यात अठरावा हिस्सा. ज्या आकड्यावर आपण दुकानात तासभर घासाघीस करतो, तो आकडा एकूण खर्चाच्या साडेपाच टक्के आहे.

चाळीस वर्षं ही अतिशयोक्ती नाही. शिकागोजवळच्या ब्रूकफील्ड प्राणीसंग्रहालयात कुकी नावाचा गुलाबी कॉकॅटू १९३४ साली संग्रहालय उघडलं तेव्हापासून होता आणि २०१६ साली ८३व्या वर्षी वारला. घरातले पक्षी एवढं जगत नाहीत, बहुतेक तर चुकीच्या खाण्याने तारुण्यातच जातात. पण नीट सांभाळलात तर पन्नास वर्षं सहज. कारखान्यातली सीएनसी मशीन पंधरा वर्षांत हिशेबाच्या वहीतून उतरते आणि भंगारात तरी जाते. या पक्ष्याला घसारा लावता येत नाही. वय वाढलं की तो जास्त हट्टी, जास्त एकनिष्ठ आणि विकायला जास्त अवघड होतो.

ज्यांना कॉकॅटू नुसता बघायचाच आहे त्यांच्यासाठी पीण्याहून मैसूर फार लांब नाही. तिथल्या गणपती सच्चिदानंद आश्रमात शुकवन म्हणून पक्ष्यांचा मोठा पिंजरा आहे. एका पक्षिगृहात सगळ्यात जास्त, ४६८ जाती, असा गिनीजचा विक्रम २०१७ साली त्याच्या नावावर लागला. ज्यांना पाळायचाच आहे आणि हात राखून, त्यांनी कॉकॅटेलची जोडी घ्यावी. पंधरा-वीस वर्षं साथ देतो, शीळ घालतो, तुराही आहे, आणि शेजाऱ्यांशी संबंध राहतात.

आणि सगळं वाचूनही ज्यांचा मोठ्या कॉकॅटूवरच जीव जडलाय, त्यांनी विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात: पायातल्या कडीचा क्रमांक, आईबापांच्या नोंदणीची प्रत, 'परिवेश'वर हस्तांतरण करून देण्याची तारीख, आणि पक्क्या बिलाचा क्रमांक. पाचवी गोष्ट घरी करायची आहे. चाळिशीच्या माणसाने आज पिल्लू घेतलं तर तो पंच्याऐंशीचा होईल तेव्हा पक्षी पंचेचाळीसचा, म्हणजे नीट सांभाळला असेल तर अजून हयात असेल. तेव्हा पुढे तो कुणाकडे जाणार हे आजच ठरवून त्या माणसाची संमती घ्या, आणि मृत्युपत्रात दागिन्यांच्या आणि फ्लॅटच्या खाली एक ओळ त्याच्याही नावाची घाला. पक्षी त्या माणसाकडे गेला की कायद्याने तीही नोंद मुख्य वन्यजीव रक्षकाकडे द्यावी लागणार आहे.